डाग गेला कुठे?

मराठी घरात जमिनीवर काही सांडलं तर पूर्वी कुणी फारसं मनावर घेत नसे. जमीन शेणाने सारवलेली असायची. आमटी सांडली तर अर्धी जमिनीत मुरायची, उरलेल्या अर्ध्यावर पोतेरं फिरायचं, आणि चार दिवसांनी नवं सारवण झालं की डाग खाली, जमीन वर. पुढे शहाबादी फरशी आली, मग मोझेक आलं आणि पोतेऱ्याचं काम आणखी सोपं झालं. सतरंज्या, जाजमं होती, पण ती पाहुण्यांपुरती. पाहुणे उठले की झटकायची, गुंडाळायची, माळ्यावर टाकायची. जेवायला बसायचं ते पाटावर. येरवड्याच्या तुरुंगात एकोणिसाव्या शतकात कैदी गालिचे विणत, त्यांचं नावही होतं. पण ते गालिचे साहेबांच्या बंगल्यांसाठी आणि प्रदर्शनांसाठी असत. पेठांतल्या घरांना त्यांचं सुख नव्हतं, तशी त्यांची काळजीही नव्हती.

काळजी सुरू होते ती उचलता न येणाऱ्या गालिच्यापासून. विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू दालनात एक प्रचंड अखंड गालिचा आहे. तो आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणला होता. १९९२ मध्ये राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले. अशा गालिच्यावर सरबत सांडलं तर तो नदीवर नेऊन धोपटता येत नाही. जो काही उपाय करायचा तो जागच्या जागीच. म्हणून डाग काढण्याचा इतिहास पाहायचा तर आधी परदेशी जावं लागतं. तो फिरत फिरत शेवटी रत्नागिरी जिल्ह्यात येतो, पण ते पुढे.

सुरुवात रोमपासून करू. रोमन परटांचं मुख्य भांडवल होतं शिळं मूत्र. रस्त्याच्या कडेला रांजण ठेवलेले असत, येणारेजाणारे ते भरत, आणि परीट ते गोळा करून नेई. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया तेलकटपणा सोडवतो. मोठ्या हौदात लोकरीची वस्त्रं टाकून गुलाम ती तासन् तास पायांनी तुडवत. पाँपेईच्या अवशेषांत असे हौद आजही दिसतात. या धंद्यात पैसा इतका होता की व्हेस्पेसियन बादशहाने मूत्रावर कर बसवला. मुलाने तक्रार केली तेव्हा बापाने त्याच्या नाकाशी एक नाणं धरून याला वास येतो का, असं विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शेणाने सारवणाऱ्यांनी यावर नाक मुरडायचं काही कारण नाही. हाताशी जे आहे ते वापरायचं, हाच दोन्हीकडचा नियम.

हाताशी असलेल्या वस्तूंची यादी देशोदेशी थोडीफार वेगळी, पण वृत्ती एकच. तेल शोषणारी माती सगळीकडे होती; आपण तिला मुलतानी माती म्हणतो, आणि इंग्रजांच्या देशात लोकर साफ करणाऱ्यांचा सगळा धंदा तिच्यावर चाले. आपल्याकडे लोकर आणि रेशमाला रिठा. पैठणी अजूनही काही घरांत रिठ्याच्याच पाण्यात धुतात, कारण साबण जितका कडक तितका रेशमाचा घात. युरोपात गालिच्यांवर बैलाचं पित्त चोळत. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण पोटात गेलेलं तूप फोडण्याचं काम पित्तच करतं. तेच काम ते गालिच्यावर करतं. जर्मनीत पित्ताचा साबण आजही किराणा दुकानात मिळतो.

या सगळ्या उपायांमागे एक शहाणपण होतं. डागाची जात ओळखल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. रक्त, दूध, अंडं यांचा डाग गरम पाण्याने धुतला तर तो तिथेच शिजतो आणि कायमचा बसतो. त्याला गार पाणीच हवं. चहाचा डाग झाडाच्या सालीच्या रंगासारखा, तुरट. तो जितका वाळेल तितका पक्का. आणि हळदीची गोष्ट तर प्रत्येक मराठी बाईला ठाऊक असते. पांढऱ्या कपड्यावरच्या पिवळ्या डागाला साबण लावला की तो एकाएकी लालभडक होतो आणि नवख्या माणसाची पाचावर धारण बसते. साबणातल्या खारामुळे हळदीचा रंग पालटतो. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. जाणती बाई घाबरत नाही. ती साबण धुऊन काढते, डाग पुन्हा पिवळा होतो, मग कपडा उन्हात टाकते. दोन दिवसांत ऊन हळद खाऊन टाकतं.

इंग्लंडच्या व्हिक्टोरियन घरात मात्र ऊन नव्हतं. कोळशाच्या शेगड्यांचा धूर, रस्त्यावरची घोड्यांची लीद आणि दर खोलीत गालिचा. तिथली मोलकरीण रोज सकाळी वापरलेली चहापत्ती पिळून गालिच्यावर पसरी आणि मग झाडू मारी. ओलसर पत्तीला धूळ चिकटे, उडत नसे. फिकट रंगाच्या गालिच्यावर मात्र ही पत्ती चालत नसे, कारण धूळ जायची आणि चहाचा डाग राहायचा. वसंत ऋतूत गालिचे खिळ्यांतून उपसून अंगणात दोरीवर टाकत आणि वेताच्या बडवण्याने बडवत. या बडवण्याचा उपयोग त्या घरांतल्या मुलांनाही अधूनमधून होत असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे.

याच एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एका शिंप्याने वेगळी वाट काढली. न्यूयॉर्कच्या टॉमस जेनिंग्ज यांना ३ मार्च १८२१ रोजी कोरड्या पद्धतीने कपडे साफ करण्याचं पेटंट मिळालं. कृष्णवर्णीय अमेरिकनाला मिळालेलं हे पहिलं पेटंट मानतात. ती पद्धत नेमकी काय होती, हे आज कुणालाच माहीत नाही, कारण १८३६ मध्ये पेटंट कचेरीला आग लागली आणि तो कागद जळला. जेनिंग्ज यांनी मिळालेला पैसा गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत घातला. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या ड्रायक्लीनिंगच्या पाट्यांचा हा एक मूळपुरुष.

मग आली यंत्रं. मेलव्हिल बिसेल यांच्या अमेरिकेतल्या चिनीमातीच्या दुकानात पेट्यांतला भुसा गालिच्यात अडके, म्हणून त्यांनी १८७६ मध्ये फिरत्या ब्रशांचं यंत्र काढलं. ते गेल्यावर पत्नी ॲना यांनी कारखाना चालवला आणि वाढवला. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी त्याच्या पुढची मजल मारली. धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र त्यांनी पाहिलं होतं. फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. एका उपाहारगृहात त्यांनी खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचं काळं वर्तुळ उमटलं होतं.

बूथ यांचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं, लालभडक, दाराशी उभं राहून धडधडणारं. लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जात. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या आधी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा त्याने साफ केला आणि राजाने खूश होऊन राजवाड्यांसाठी दोन यंत्रं घेतली. श्रीमंत बायका मैत्रिणींना चहाला बोलावून हा देखावा दाखवू लागल्या.

पण यंत्राने गेली ती धूळ. डाग होता तिथेच राहिला. धूळ धाग्यांच्या मध्ये बसते, डाग धाग्याच्या आत शिरतो, आणि कितीही ओढलं तरी आतलं बाहेर येत नाही.

दोन हजार वर्षं सगळ्यांचा प्रश्न एकच होता, पडलेला डाग काढायचा कसा? १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हा प्रश्नच उलटा झाला. पॅट्सी शर्मन ही तरुण रसायनशास्त्रज्ञ थ्री एम या कंपनीत विमानाच्या इंधनाने खराब न होणारं रबर शोधत होती. शाळेत असताना मुलींच्या कल चाचणीत तिला ‘गृहिणी’ हे उत्तर मिळालं होतं. तिने हट्टाने मुलांची चाचणी दिली, तेव्हा उत्तर आलं दंतवैद्य किंवा शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या सहायक मुलीच्या हातून एक बाटली निसटली आणि आतल्या चिकाचे थेंब तिच्या पांढऱ्या कापडी बुटांवर उडाले. पाण्याने धुतलं, साबणाने धुतलं, स्पिरिटने पुसलं, काहीच होईना. बूट रोज वापरले जात होते आणि मळत होते. थेंब पडले होते तेवढीच जागा मात्र पांढरी राहिली. पाणी त्यावर टिकत नव्हतं, तेलही नाही.

शर्मन आणि तिचे सहकारी सॅम स्मिथ यांनी त्या थेंबांचा पाठपुरावा केला. कापडगिरणीत चाचण्या होत तेव्हा बायकांना आत प्रवेश नव्हता. निकाल ऐकायला शर्मनला बाहेर थांबावं लागे. १९५६ मध्ये ‘स्कॉचगार्ड’ बाजारात आलं. आधी लोकरीच्या कपड्यांवर, मग सोफ्यांवर, पुढे गालिच्यांवर.

हे नेमकं काय होतं? धनगराची घोंगडी आठवा. पावसात ती पांघरली तर पाणी बराच वेळ थेंबाथेंबाने ओघळून जातं, कारण लोकरीच्या तंतूवर खवले असतात आणि मेंढीच्या अंगची थोडी चरबी असते. पण घोंगडीवर तेल सांडलं तर ते आत शिरणारच. शर्मन यांच्या रसायनात कार्बनला फ्लोरिन जोडलेला होता. सेंद्रिय रसायनशास्त्रात एकेरी बंधांमध्ये याहून घट्ट बंध नाही. अशा रेणूंचा थर धाग्यावर बसला की पाणी आणि तेल दोन्ही परत फिरतात. निसर्गात हा बंध जवळजवळ आढळत नाही, त्यामुळे तो सहज तोडणारे जंतूही नाहीत, ऊन नाही आणि यकृतही नाही. ही गोष्ट जाहिरातीत नव्हती.

गालिच्यांचा व्यापार तेव्हा फोफावत होता. जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी कॅथरीन एव्हान्स या मुलीने १८९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, दोऱ्याचे गोंडे काढून एक पलंगपोस बनवला होता. त्यातून घरोघरचा धंदा उभा राहिला, धंद्यात यंत्रं आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच यंत्रांवर नायलॉनचे स्वस्त गालिचे निघू लागले. डाल्टन जगाची गालिच्यांची राजधानी म्हणवून घेऊ लागलं. आता अमेरिकेत गालिचा राजवाड्यातून निघून साध्या कारकुनाच्या दिवाणखान्यात, मुलांच्या खोलीत, काही घरांत तर न्हाणीघरातही गेला.

नायलॉनची एक खोड आहे. ते ज्या जातीच्या रंगांनी रंगवतात, त्याच जातीचे रंग लाल सरबतांत असतात. म्हणजे पोराने गालिच्यावर सरबत सांडलं की तो डाग राहत नाही, ते रीतसर रंगकाम होतं. १९८६ मध्ये ड्यूपाँट कंपनीने ‘स्टेनमास्टर’ आणलं त्याची युक्ती हीच होती. धाग्यात रंग ज्या जागा पकडतो, त्या आधीच दुसऱ्या रसायनाने भरून टाकायच्या, आणि वर फ्लोरिनच्या रसायनाचा हात फिरवायचा. लाखो घरांत पालक निश्चिंत झाले. रांगती मुलं दिवसभर त्याच गालिच्यावर असत आणि हात तोंडात घालत.

धागा मात्र हळूहळू दुसरीकडे उसवत होता. १९६८ मध्येच रॉचेस्टर विद्यापीठातले डोनाल्ड टेव्हस यांना माणसाच्या रक्तात फ्लोरिनचं एक अनोळखी रूप सापडलं होतं. १९७५ मध्ये शास्त्रज्ञांची विचारणा थ्री एमपर्यंत पोचली. १९९७ मध्ये थ्री एममधल्याच क्रिस हॅन्सन या रसायनशास्त्रज्ञ बाईंकडे रक्ताचे नमुने तपासण्याचं काम आलं. कारखान्यातल्या कामगारांच्या रक्ताशी तुलना करायला त्यांनी रक्तपेढ्यांतलं सर्वसाधारण लोकांचं रक्त मागवलं. त्यातही पीफॉस, म्हणजे स्कॉचगार्डच्या घराण्यातलंच रसायन, निघालं. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासलं, नवे नमुने मागवले. प्रत्येक नमुन्यात तेच. त्या रसायनाचा मागमूस नसलेलं रक्त शेवटी सापडलं ते कोरियन युद्धाच्या काळात भरती झालेल्या सैनिकांचं, जपून ठेवलेलं. म्हणजे बुटांवर थेंब पडण्याच्या आधीचं.

मे २००० मध्ये कंपनीने ते रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी ध्रुवीय अस्वलांच्या, गरुडांच्या आणि भर समुद्रातल्या बेटांवर घरटी करणाऱ्या अल्बट्रॉसच्या शरीरात ते सापडल्याचं प्रसिद्ध झालं. स्कॉचगार्डचं नाव राहिलं, आतलं रसायन बदललं: लांब साखळीऐवजी आखूड. मिनेसोटा राज्याशी २०१८ मध्ये ८५ कोटी डॉलरची तडजोड झाली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांसाठी हजार कोटी डॉलरहून मोठी रक्कम कबूल झाली. डाल्टनच्या गिरण्यांचं सांडपाणी कोनासॉगा नदीकाठच्या साडेनऊ हजारांहून अधिक एकर रानावर वर्षानुवर्षं फवारलं जात होतं. तिथून ते नदीत आणि नदीतून खालच्या गावांच्या नळांत गेलं. ज्या गावांना त्यापायी कोर्टाची पायरी चढावी लागली त्यांतल्या एकाचं नाव रोम आहे, हा निव्वळ योगायोग.

दुसऱ्या, खऱ्या रोमच्या देशातही हेच घडत होतं. उत्तर इटलीत लोकरीच्या गिरण्यांचं मार्झोट्टो हे जुनं घराणं. १९६०च्या दशकात या घराण्याने व्हिचेंझा प्रांतातल्या त्रिस्सिनो गावी कापडासाठी अशीच रसायनं शोधायला एक प्रयोगशाळा-कारखाना काढला. पुढे तो हातोहात विकला गेला, त्याचं नाव मितेनी झालं, आणि २००९ मध्ये तो अवघ्या एका युरोला तिसऱ्या मालकाकडे गेला. २०१३ मध्ये त्या भागातल्या भूजलात ही रसायनं सापडली. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. मुलांच्या रक्ततपासणीचे कागद हातात पडल्यावर आया रस्त्यावर आल्या. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला. जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. हा पहिल्या पायरीवरचा निकाल आहे, वर अपिलाचा मार्ग मोकळा आहे.

आणि कारखान्याचं काय झालं? इमारत तिथेच राहिली. यंत्रसामग्री, पेटंट आणि तंत्रज्ञान २०१९ मध्ये लिलावात मुंबईतल्या एका रसायन उद्योगाच्या उपकंपनीने घेतलं. यंत्रं सुटी करून जहाजाने आणली आणि मुंबई-गोवा महामार्गावर, खेड आणि चिपळूणच्या मध्ये, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत उभी केली. या वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी दाभोळच्या खाडीकडे जातं, आणि मेलेल्या माशांबद्दल खाडीतल्या मच्छीमारांची ओरड यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

इटलीत झालं तेच इथे होईल, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. यंत्र म्हणजे प्रदूषण नव्हे. ते कोण, कसं आणि कुणाच्या देखरेखीखाली चालवतं यावर सगळं आहे. देखरेखीचा हिशेब मात्र मांडायला हवा. पीफॉस हे रसायन २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चौपट. भारताच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये त्या करारातल्या सात रसायनांवरच्या निर्बंधांना मान्यता दिली. पीफॉस त्या सातांत नव्हतं.

मराठी घरांतही आता गालिचे आहेत, डाग न पडणारे सोफे आहेत, पाणी न शिरणारी दप्तरं आणि रेनकोट आहेत. चहा सांडलाच तर कोरड्या सुती फडक्याने टिपावा, चोळू नये; मग गार पाणी, मग पुन्हा टिपणं. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. आणि दुकानात कुणी ‘स्टेनप्रूफ’ म्हणून गालिचा पुढे केला तर त्यावर नेमकं काय मारलं आहे, हे विचारावं. बहुतेक दुकानदारांना ते सांगता येणार नाही. तरी विचारावं.